फैजपूरचा मांडव आणि चित्रकलेचा तास

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. पण शेवटपर्यंत वाचा, कारण विषय आपल्या जिल्ह्याचा आहे आणि आपल्या पोरांचा आहे.

डिसेंबर २०२६ मध्ये फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाला ९० वर्षं पूर्ण होतात. खेड्यात भरलेलं पहिलं काँग्रेस अधिवेशन. तारीख २७ आणि २८ डिसेंबर १९३६. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. एवढं आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, निदान असायला हवं. धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी, शंकरराव देव ही नावंही भाषणांत येतात. पण त्या अधिवेशनात आणखी एक माणूस होता, ज्याचं नाव आपण जवळजवळ विसरलो. तो पुढारी नव्हता. तो ड्रॉइंग मास्तर होता. नंदलाल बोस.

'ड्रॉइंग मास्तर' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. नंदलाल मोठे चित्रकार होते हे सगळे सांगतात. पण त्यांनी आयुष्यातली तीसेक वर्षं शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकवण्यात घालवली. आणि त्यांची जी कामं देशाच्या इतिहासात नोंदली गेली, त्यातली बरीचशी त्यांनी एकट्याने केलेली नाहीत. विद्यार्थ्यांना सोबत घेऊन केली. शिकवणं आणि चित्र काढणं ही त्यांच्याकडे दोन वेगळी कामं नव्हतीच. आजची पोस्ट याच गोष्टीबद्दल आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे चित्रकलेचं सरकारी शिक्षण इंग्रजांनी आणलं. मुंबईचं जे. जे. १८५७ चं. तिथून मोठे कलावंत निघाले, ते नाकारायचं कारण नाही. पण शाळांपर्यंत जी चित्रकला झिरपली ती प्रामुख्याने नक्कल आणि परीक्षा या वाटेने. समोर वस्तू ठेवा, तशीच काढा. रेघ सरळ हवी, छाया बरोबर हवी. हात तयार होतो, यात वाद नाही. पण ते चित्र कुणासाठी, कशासाठी, हा प्रश्न त्या तासाला कुणी विचारत नव्हतं.

रवींद्रनाथांनी १९१९ मध्ये कलाभवन सुरू केलं ते या वाटेला कंटाळून. नंदलाल तिथे गेले आणि लवकरच कलाभवनाचे प्रमुख झाले. तिथली पद्धत काय होती? ठरीव अभ्यासक्रमाचा जाच नाही. गुरू आणि शिष्य एकाच जागी बसून काम करणार. झाड लावायचा उत्सव असेल, नांगरटीचा उत्सव असेल, वसंतोत्सव असेल, त्याची सजावट कलाभवनाने करायची. नाटक असेल तर रंगमंच आणि कपडे कलाभवनाने बघायचे. बंगालच्या बायका अंगणात तांदळाच्या पिठाने जी अल्पना काढतात, म्हणजे आपल्या रांगोळीची बहीणच म्हणा, ती शिकवायला घरगुती परंपरेतून आलेल्या सुकुमारी देवी होत्या. ज्या कलेला बाहेर कुणी कला म्हणत नव्हतं, ती तिथे वर्गात आली. म्हणजे शिक्षक कोण, हेही त्या संस्थेने नव्याने ठरवलं.

तिथे एक वसतिगृह आहे, काळो बाडी. काळं घर. १९३० च्या दशकातलं. मातीच्या भिंती आणि त्यावर डांबर. त्या भिंतींवर नंदलाल, रामकिंकर बैज आणि विद्यार्थ्यांनी मिळून उठावाची चित्रं केली. भारहूत, महाबलीपुरम, इजिप्त, सगळीकडच्या शिल्पांचे नमुने त्यात आहेत. म्हणजे मुलं ज्या खोलीत झोपायची, त्याच खोलीची भिंत त्यांचं कलेच्या इतिहासाचं पुस्तक होती, आणि ते पुस्तक त्यांनी हाताने लिहिलं होतं. मातीचं काम म्हटल्यावर डागडुजी आलीच. डागडुजी आली म्हणजे नव्या पोरांना जुनं काम हाताळणं आलं.

या कलाभवनात आपला एक मराठी माणूसही होता. विनायक मासोजी. आधी विद्यार्थी, मग तिथेच शिक्षक. आपल्याकडे त्यांचं नाव किती लोकांनी ऐकलं असेल?

आता फैजपूरकडे येऊ.

गांधीजी १९३६ च्या एप्रिलमध्ये वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले. त्याच गावाचं नाव पुढे सेवाग्राम झालं. काँग्रेस खेड्यात गेली पाहिजे हा त्यांचा आग्रह. त्याच वर्षी लखनौच्या अधिवेशनात त्यांनी नंदलालांकडून कलाप्रदर्शन मांडून घेतलं होतं. फैजपूरला त्याहून मोठं काम होतं. अख्खं नगर उभं करायचं. टिळकनगर. नंदलालांना संकोच वाटला. मी चित्रकार, मला बांधकामातलं काय कळतं, असं त्यांचं म्हणणं. गांधीजींनी ते ऐकून घेतलं नाही. त्यांना तज्ज्ञाची ऐट नको होती, मनापासून काम करणारा माणूस हवा होता.

आणि मग आपल्या मातीत ते नगर उभं राहिलं. बांबू, गवत, लाकूड. आसपास जे मिळतं तेच. बांधकामाची बाजू म्हात्रे नावाच्या वास्तुविशारदांनी सांभाळली, कलेची नंदलालांनी. अध्यक्षांच्या मिरवणुकीसाठी खेड्यातली बैलगाडी सजवून तिचा रथ केला. विचार करा, काँग्रेसचा अध्यक्ष आपल्या रोजच्या बैलगाडीतून येतोय आणि ती गाडी इतकी देखणी की लोकांनी बघत राहावं. प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या भाषणात गांधीजींनी श्रेय उघडपणे म्हात्रे आणि नंदलाल यांना दिलं. मला कलेची जाण आहे पण हात नाहीत, नंदबाबूंना देवाने दोन्ही दिलं, अशा अर्थाचं ते बोलले.

यातलं राजकारण नीट समजून घ्या. खेडं म्हणजे मागास, तिथे सभा घ्यायची तर शहरातून तंबू-कनाती आणाव्या लागणार, हा तेव्हाचा (आणि आजचाही) समज. बांबूच्या मांडवाने तो समज खोडून काढला. हजारो शेतकरी त्या दारातून आत गेले तेव्हा त्यांना दिसलं ते त्यांच्याच घरातलं सामान. तेच गवत, तेच बांबू. पण नीट हाताने, नजरेने मांडलेलं. हे शिकवणंच होतं. खडू-फळ्याशिवायचं.

आणि त्या मांडवाखाली काय ठराव झाला? भारताची घटना भारताच्या लोकांनी निवडलेल्या घटना समितीने करावी, ही मागणी तिथे पुन्हा ठामपणे मांडली गेली. शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रमही तिथेच मंजूर झाला. घटना समितीची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फैजपूरनंतर फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा. गुजरातेत, तापीच्या काठी. म्हणजे आपल्याच तापीमाईच्या खालच्या अंगाला. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस. या वेळी नंदलालांनी चित्रं काढली, जी आज 'हरिपुरा पोस्टर्स' म्हणून जगभर ओळखली जातात. हातकागदावर टेम्पराचे रंग. विषय कोणते? ढोलकी वाजवणारा, सुतार, कापूस पिंजणारा, पहिलवान, कुटुंबात रमलेली बाई. देवही नाही आणि पुढारीही नाही. ही चित्रं दिल्लीच्या दालनासाठी काढलेली नव्हती, दरवाजांवर आणि तंबूंवर लावायला काढलेली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावीत म्हणून.

यातला तपशील माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. नंदलालांनी स्वतः ऐंशीच्या आसपास चित्रं केली. पण तिथे लागली जवळपास ४००. उरलेली कुणी केली? कलाभवनातल्या विद्यार्थ्यांनी, गुरूच्या चित्रांवरून. आता कुणी म्हणेल, ही तर नक्कलच झाली, मग जे. जे. च्या वाटेला नावं कशाला ठेवायची? फरक असा आहे. परीक्षेची नक्कल तपासून झाली की गठ्ठ्यात बांधली जाते. ही नक्कल हजारो लोकांसमोर टांगली जाणार होती. ती चुकली तर मार्क कमी होणार नव्हते, दरवाजा उघडा पडणार होता. पोराच्या हातातल्या रेघेला गरज होती. जिथे गरज असते तिथे शिकवावं लागत नाही, पोरगं आपणच शिकतं. आपल्या घरी सुताराचं, कुंभाराचं पोर असंच शिकलं ना?

आता घटना समितीची गोष्ट. घटना २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारली गेली. तिची मूळ हस्तलिखित प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी सुंदर अक्षरात लिहिली. हिंदी प्रतीचं अक्षर वसंत कृष्ण वैद्य यांचं. आणि पानांची सजावट? नंदलाल आणि त्यांचे विद्यार्थी. २२ भाग, प्रत्येक भागाच्या माथ्यावर चित्र. मोहेंजोदडोच्या बैलापासून दांडीयात्रेपर्यंत. निवडणुकांच्या भागावर शिवाजी महाराज आणि गुरु गोविंदसिंग आहेत. उद्देशिकेच्या पानाची नक्षी जबलपूरच्या ब्योहार राममनोहर सिन्हांची. सिंहांची राजमुद्रा रेखाटली दीनानाथ भार्गवांनी. तेव्हा ते कलाभवनात विद्यार्थी होते. सिंह नीट जमावेत म्हणून कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन सिंह बघत बसायचे. आणि भार्गव मूळचे कुठले? मुलताईचे. जिथे तापी उगम पावते ते मुलताई.

म्हणजे बघा. फैजपूरला ज्याने मांडव सजवला, ज्या मांडवात घटना समितीची मागणी झाली, त्याच मास्तराने १३ वर्षांनी आपल्या वर्गाला सोबत घेऊन ती घटना सजवली. देशातल्या सगळ्यात महत्त्वाच्या पुस्तकावर एका शाळेच्या पोरांचा हात फिरला आहे. त्या कामासाठी नुसत्या नावाजलेल्या चित्रकारांची यादी करता आली असती. नंदलालांनी वर्ग सोबत घेतला. एखाद्या शिक्षकाने विद्यार्थ्यांवर टाकलेला याहून मोठा विश्वास मला तरी माहीत नाही.

या परंपरेची दुसरी फांदी आपल्या महाराष्ट्रात आली, वर्ध्याला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद झाली, त्यातून नई तालीम निघाली. ती चालवणारे आर्यनायकम आणि आशादेवी दोघंही शांतिनिकेतनातून आलेले. १९४४ मध्ये कलाभवनातून शिकून आलेला एक तरुण सेवाग्रामला कलाशिक्षक झाला. देवी प्रसाद. कुंभारकाम, चित्र, छायाचित्र, सगळ्यात हात. १९६२ पर्यंत ते सेवाग्रामला राहिले. कला हा शिक्षणातला एक विषय नसून शिक्षणाचा पाया आहे, हे त्यांनी आयुष्यभर मांडलं. ताट वाढणं, खोली झाडून नीट लावणं, सणाला दार सजवणं, हे सगळं त्यांच्या लेखी कलाशिक्षणच.

आता खरं बोलायचं तर हे सगळं गोडगोड नव्हतं. दोन गोष्टी सांगतो.

पहिली. नई तालीमवर आक्षेप होता की हाताचं काम शिकवून तुम्ही गरिबाच्या पोराला बापाच्याच धंद्यात अडकवणार. ज्या जातींनी पिढ्यान्‌पिढ्या हातानेच काम केलं त्यांना पुस्तक हवं होतं, इंग्रजी हवं होतं, नोकरी हवी होती. हा आक्षेप खोटा नव्हता. आपल्याच गावात बघा, ज्याच्या आज्याने आयुष्यभर चामडं नाहीतर बांबू हाताळला, तो नातवाला हस्तकलेच्या तासाला आनंदाने का पाठवेल? याला एकच प्रामाणिक उत्तर होतं, ते म्हणजे सगळ्यांच्या पोरांनी सगळी कामं करायची. ते उत्तर सेवाग्रामच्या आवारात चाललं. बाहेरच्या समाजाने ते स्वीकारलं नाही. पांढरपेशांची पोरं आपल्या शाळांत गेली आणि नई तालीम ही गरिबांची शाळा होऊन बसली. पुढे ती आटली.

दुसरी. फैजपूरचा मांडव म्हटलं की नाव नंदलालांचं येतं, म्हात्रेंचंही क्वचित येतं. पण ज्या हातांनी बांबू चिरले, गवत शाकारलं, गाडी सजवली, ते आपल्याच पंचक्रोशीतले होते. त्यांची नावं आपल्या तोंडी नाहीत. सहभागाची कला म्हणायचं आणि सहभागी झालेल्याचं नाव विसरायचं, हे आजही चालतं. यावल-रावेर भागातल्या कुणाच्या घरी आजोबा-पणजोबांच्या अशा आठवणी सांगितल्या जात असतील तर कृपया खाली लिहा. मी स्वतः येऊन टिपून घेतो. बातमीदाराचं खरं काम हेच आहे.

एक गोष्ट मात्र जगली. १९७३ मध्ये कलाभवनातल्या एका विद्यार्थ्याला अपघात झाला. उपचाराला पैसे हवे होते. शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र बसले, चित्रं, मातीची भांडी, कॅलेंडरं, जे जमेल ते केलं आणि विकलं. त्यातून 'नंदन मेळा' सुरू झाला. दरवर्षी १ आणि २ डिसेंबरला भरतो. ३ डिसेंबर हा नंदलालांचा जन्मदिवस. पैसा विद्यार्थ्यांच्या मदतनिधीला जातो. मोठा प्राध्यापक आणि पहिल्या वर्षाचं पोर एकाच टेबलावर माल विकतात. दोन दिवस तिथे कोण शिकवतो आणि कोण शिकतो हे बाहेरच्याला ओळखू येत नसेल.

आता आपल्याकडे येऊ.

आपल्या शाळांत चित्रकलेचं काय झालं? एलिमेंटरी, इंटरमिजिएट आपण दिलेल्या आहेत. स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती. खोक्यावर ठेवलेला तांब्या आणि दोन केळी. त्या परीक्षांनी खेड्यापाड्यातल्या हजारो पोरांच्या हातात पहिल्यांदा ब्रश दिला, त्याबद्दल मला आदर आहे. पण आज पालक विचारतात ते एवढंच, दहावीला किती मार्क वाढतात? इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तर ७, बी ला ५, सी ला ३. चित्रकला सात मार्कांची झाली. आणि कलाशिक्षक? शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभरावर पट असेल तर कला, शारीरिक आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. अंशकालीन. म्हणजे कायद्यानेच अर्धा माणूस. निवृत्त झालेल्या कलाशिक्षकाच्या जागी पूर्णवेळ माणूस आलेल्या शाळा तुमच्या तालुक्यात किती आहेत, मोजून बघा. मी माझ्या गावातल्या मोजायला घेतल्या, तर एका हाताची बोटंही पुरून उरली.

आणि एक प्रसंग. नाव कुणाचंच घेत नाही. आमच्याकडच्या एका शाळेत जुन्या ड्रॉइंग सरांनी मुलांकडून कंपाउंडच्या भिंतीवर चित्रं काढून घेतली होती. पोळ्याचे बैल, कानबाईची मिरवणूक, केळीचे घड, गुलाबाई. बेढब होती, एका बैलाला पाच पाय दिसायचे. पण प्रत्येक चित्राखाली पोराचं नाव होतं. स्वच्छतेची तपासणी येणार म्हणून ठेकेदार आला, एका दिवसात पांढरा हात मारला आणि साच्यातून छापल्यासारखी तीच ती झाडं, तोच तो चष्मा आणि तीच घोषवाक्यं. बिल निघालं. मी बातमीसाठी फोटो काढत होतो तेव्हा सातवीतली एक पोरगी म्हणाली, "काका, माझं नाव इथं होतं." मला त्यावर पुढचा प्रश्न सुचला नाही.

यात कुणी खलनायक नाही हो. ठेकेदाराने काम केलं, तपासणीत मार्क मिळाले. पण भिंत शाळेची राहिली नाही. पोराचा तिच्यावरचा हक्क गेला. ज्या भिंतीवर आपलं नाव आहे तिच्यावर कुणी थुंकत नाही. स्वच्छतेचा एवढा साधा हिशेब कुणाच्या लक्षात आला नाही.

नवीन शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, कला इतर विषयांत मिसळून शिकवा असं लिहिलंय. चांगलं आहे. पण शिकवणारा माणूस नसेल तर ते कोण मिसळणार? गणिताचे सर यूट्यूबवरून कागदाची फुलं करून घेतील आणि फोटो ॲपवर टाकतील. कलासमेकन झालं.

म्हणून ९० वर्षांच्या निमित्ताने माझं म्हणणं साधं आहे. फैजपूरच्या अधिवेशनाचा कार्यक्रम होईल, पुढारी येतील, चौकाचौकात फ्लेक्स लागतील. जे अधिवेशन गावातल्या बांबूने सजलं होतं, त्याची आठवण आपण प्लॅस्टिकच्या फ्लेक्सने करणार का? जिल्ह्यात कलेची महाविद्यालयं आहेत, खिरोद्याचं सप्तपुट ललित कला भवन धनाजी नानांच्याच गावात आहे. तिथली मुलं, झेडपीच्या शाळांतली मुलं, बांबूकाम करणारे कारागीर, भिंतीवर कानबाई काढणाऱ्या आयाबाया, या सगळ्यांनी मिळून एक दरवाजा उभा करावा. एकच. बांबूचा. आणि त्यावर प्रत्येकाचं नाव लिहावं, सुतळी धरणाऱ्या पोराचंसुद्धा.

दुसरं, शाळा व्यवस्थापन समितीत आपण पालक म्हणून बसतो. पुढच्या बैठकीत एक प्रश्न विचारा, आमच्या शाळेत चित्रकला कोण शिकवतो? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. आणि शाळेची एक भिंत ठेकेदाराला न देता मुलांना द्या असा ठराव मांडा. खर्च रंगाच्या चार डब्यांचा आहे.

बैलाला पाच पाय आले तरी चालतील.

तुमच्या शाळेत काय परिस्थिती आहे ते खाली लिहा. शाळेचं नाव नको, नुसतं गाव आणि कलाशिक्षक आहे की नाही, एवढं. आकडा जमला की पुढची बातमी त्याचीच.